बरडावरचा चौकोन

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. पलीकडून भाचा नुसतं "आत्या..." म्हणाला आणि थांबला. मला कळलं. "बरं, निघते," म्हणून मी फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून संपवली. असं का केलं ते मला विचारू नका; अशा वेळी हातांना काहीतरी काम हवं असतं. मग जालन्याहून गाडी करून हसनाबादच्या पुढे आमच्या गावी गेले, त्याला शेवटचं बघितलं, रडायचं तेवढं रडले. गाव मोठं जमलं होतं. पिकलं पान होतं, सुटला बिचारा, असं जो तो म्हणत होता. माझा भाऊ होता, मला तो पिकलेला वाटत नव्हता.

तेराव्याला मात्र एक गोष्ट घडली, आणि तिच्यामुळेच हा लेख लिहायला घेतला आहे. पंगत बसायला अवकाश होता. माझ्या पुढ्यात गावातला एक तरुण आपल्या पाहुण्याला दादाची ओळख करून देत होता. "म्हातारा तसा चांगला व्हता. पण ह्यानं आन् ह्याच्या मेव्हण्यानं मिळून एका साली अख्ख्या गावाची दुष्काळी सूट बुडवली. मेव्हण्याला बढती पाहिजे व्हती ना." पाहुणा "असं का?" म्हणाला आणि पंगत कधी बसते ते बघू लागला. सांगणाऱ्याचा त्या साली जन्मही झालेला नव्हता. त्याला त्याच्या आज्यानं सांगितलं असणार. त्या मेव्हण्याची बायको म्हणजे मी, आणि मी त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर बसले होते. तोंड उघडलं असतं तर कार्य बाजूला राहिलं असतं, म्हणून गप्प बसले. आता महिना उलटून गेला आहे, सगळं नीट पार पडलं आहे, आणि मला गप्प बसायचं काही कारण उरलेलं नाही.

दादाचं नाव किसन. वडील लवकर गेले, त्यामुळे मला वाढवलं, शिकवलं, माझं लग्न लावलं ते त्यानंच. स्वभावाबद्दल एवढंच सांगते की पाहुणा यायचा म्हटलं की माणसाचा तोल जायचा. अंगण सारवून व्हायचं, फाटकी घोंगडी माळ्यावर जायची, चांगला तांब्या पुढे यायचा. मला बघायला मंडळी आली तेव्हा त्यानं आमचा लंगडा बैल शेजारच्या सखारामच्या गोठ्यात नेऊन बांधला. मी म्हटलं, "दादा, ते मला बघायला येऊन राह्यले, बैलाला न्हाई." तर म्हणाला, "तू गप. घर बघत्यात तं गोठाबी बघत्यात." मंडळींनी गोठ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बैल मात्र परका गोठा बघून इतका हंबरला की तो कुणाचा आणि तिथे कशाला बांधलाय हे सगळ्यांना कळलं. दादा त्या दिवशी जेवला नाही. हे ढोंग नव्हतं बरं का. आपलं उणंदुणं पाहुण्याच्या नजरेस पडलं तर त्याचा मान राहिला नाही, असं त्याला मनापासून वाटायचं.

आणि त्या काळात त्याच्या लेखी सगळ्यात मोठा पाहुणा एकच होता, सरकार. आम्ही निजामाच्या मुलखातली माणसं. आधीच्या राज्यात सरकारी माणूस गावात शिरला की बायका दारं लावून घेत, कारण तो काहीतरी न्यायलाच आलेला असे. रझाकारांच्या दिवसांत तर आम्ही घर सोडून वऱ्हाडच्या हद्दीत नातेवाइकांकडे राहिलो होतो. पोलीस ॲक्शन झाली, परत आलो, चावडीवर झेंडा लागला. तेव्हापासून दादा "आपलं सरकार" म्हणायचा, आणि त्यातला "आपलं" हा शब्द असा म्हणायचा की जणू नुकतीच सोयरीक जुळली आहे. मला पसंत केलेला मुलगा सरकारच्या शेतकी खात्यात नोकरीला आहे म्हटल्यावर तर विचारूच नका.

आमच्या यांचं काम पिकाचा अंदाज काढायचं. पूर्वी हा अंदाज बांधावर उभं राहून नुसत्या नजरेनं व्हायचा. महसुलाचा गिरदावर, गावचा पटवारी आणि पाटील शेताकडे बघत आणि आणे सांगत. सोळा आणे म्हणजे भरघोस साल. जितके आणे कमी तितकं पीक कमी. हीच आणेवारी. ती फार खाली गेली की गावाला सूट मिळे: सारा थांबे, जवळपास खडी फोडायचं काम निघे, स्वस्त धान्याचं दुकान येई. यांच्या खात्यानं आणलेली रीत मात्र निराळी होती. नजरेवर भरवसा ठेवायचाच नाही. कचेरीतून आकडे यायचे, डोळे झाकून चिठ्ठी उचलावी तसे काढलेले. त्यावरून गाव ठरायचं, गावातलं शेत ठरायचं, आणि शेताच्या कोपऱ्यापासून आडवी किती पावलं, उभी किती पावलं जायचं तेही ठरायचं. पावलं संपतील तिथे खुंटी. खुंटीपासून दोरीनं चौकोन आखून ठेवायचा, आणि पीक तयार झालं की तेवढ्याच चौकोनातलं कापून, मळून, वाळवून तोलायचं. असे पुष्कळ चौकोन एकत्र करून जिल्ह्याचं पीक काढायचं. एकटा चौकोन कुठल्याच गावाबद्दल काही सांगत नाही, हे ते मला जेवताना इतक्या वेळा सांगत की आमटीसुद्धा हे सरासरीनंच वाढून घेतात की काय, असं मला वाटे. त्यांचा एकच हट्ट होता. खुंटी हलवायची नाही. खडकावर पडो, बांधाला लागून पडो, आकडा नेईल तिथेच. "एकदा चांगली जागा बघून खुंटी सरकवली की तो अंदाज राहत नाही, ती तुमची इच्छा होते," असं म्हणायचे. शहाणं बोलणं होतं, आणि त्या शहाण्या बोलण्यानंच आम्हा सगळ्यांना कोंडलं.

एका साली परतीचा पाऊस आलाच नाही. रब्बीची ज्वारी उगवली खरी, पण जमिनीत ओल नव्हती. ताटं गुडघ्याला येऊन तिथेच थांबली. आणि त्याच साली यांच्या यादीत माझं माहेर आलं. मी हरखले, चार दिवस गावी जायला मिळणार म्हणून. यांनी शेताचा नंबर वाचला आणि ताट बाजूला सारलं. शेत दादाचं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन म्हणाले, मेव्हण्याचं शेत आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. साहेबांनी विचारलं, दुसरा माणूस आणू कुठून? शेत बदलून द्या म्हणाले, तर साहेब म्हणाले, मग डोळे झाकून आकडा काढायचा कशाला? घरी आल्यावर मी विचारलं, काय झालं? "त्यांचं म्हणणं बरोबर आहे," म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. स्वतःच्या नियमात स्वतःच सापडलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

खुंटी ठोकायला आम्ही गेलो त्या दिवशी दादानं धुवट धोतर नेसून फेटा बांधला होता. आमच्या रानाची खालची बाजू विहिरीलगतची, काळी. वर चढावाला मात्र नुसतं बरड, मुरूम आणि गोटे. यांनी कोपऱ्यापासून पावलं मोजायला सुरुवात केली. मागून दादा, पटवारी, सखाराम आणि निम्मं गाव. पावलं विहिरीकडे वळतील म्हणून दादा पुढे पुढे हात दाखवत होता, आणि पावलं सरळ चढाला लागली.

"दाजी, तिकडं कुठं निघाले? तिकडं काय हाये? इकडं विहिरीखाली बघा की, ज्वारी कशी हाये ती."

"किसनराव, आकडा तिकडेच जातोय."

"आकड्याला काय कळतंय! तुम्ही आमचे पाहुणे, तुम्हाला बरड दाखवू व्हय?"

सखाराम मागून खूश होऊन ओरडला, "किसन, गप की! बरडावर पडली हे बराबर झालं. गावाला सूट मिळंल." यांनी वळून त्यालाही समजावलं की या चौकोनाचा गावाच्या आणेवारीशी काही संबंध नाही, हा हिशोब जिल्ह्याचा. सखाराम म्हणाला, "मंग आमच्याच गावात ठोकाया कामून आले?" लोक हसले. यांनी पुन्हा सांगितलं, लोक पुन्हा हसले. खुंटी बरडाच्या पार मधोमध, सगळ्यात हडकुळ्या ताटांत जाऊन बसली. आम्ही गाडीत बसताना दादा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "शकू, सरकार पहिल्यांदा आपल्या रानात आलं, आन् आलं ते बरडावर." त्याचे डोळे भरले होते. मला हसू आलं होतं, पण त्याचं तोंड बघून ते जिरलं.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. आम्ही गेलो त्याच दिवसापासून दादानं त्या चौकोनाला पाणी घालायला सुरुवात केली. रोज दिवस कलला की विहिरीवरून कावड भरून चढावर न्यायची. विहीर आटत आली होती. गव्हाच्या वाफ्याला जायचं पाणी त्यानं तोडलं आणि वर नेलं. शेणखत नेऊन पसरलं, गोटे वेचून काढले, पाखरं राखली. वहिनींनी दुसरी कावड उचलली, कारण नवरा एकटाच चढावर धापा टाकतोय हे त्यांना बघवेना. त्या म्हणाल्या, "अवो, त्यो चौकोन सरकारचा, आपला न्हाई." तर म्हणाला, "सरकारचा हाये म्हणूनच तं." वरून जायची वाट नव्हती आणि ती बाजू गावाच्या नजरेआड होती, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. आता कुणी म्हणेल, गावाचं नुकसान होईल हे त्याला कळू नये? इथेच तर सगळं आहे. अख्ख्या गावात यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस एकच होता, तो म्हणजे दादा. दाजी म्हणाले चौकोनाचा आणि आणेवारीचा संबंध नाही, म्हणजे नाही. मग त्याला पाणी घातलं तर कुणाचं काय जातं? खुंटी हलवायची नाही हे यांनी दहादा बजावलं होतं, आणि दादानं ती केसभरही हलवली नाही. पाणी घालू नका, हे सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. असं कुणी करेल हे कुठल्या नियमात लिहिलेलं असणार!

कापणीच्या दिवशी गिरदावरही पंच म्हणून आला होता. सगळे चढावर पोचलो. भोवताली ज्वारी करपून कागदासारखी वाजत होती आणि मधे, बरोबर दोरीच्या आत, माणूसभर उंचीची ताटं उभी होती. मुठीएवढी कणसं. दादा चौकोनाच्या कडेला दोन्ही हात जोडून उभा. लग्नात वरपक्षाला सामोरा आला होता तेव्हा जसा दिसत होता अगदी तसा. "या दाजी," म्हणाला. यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत काढला.

पहिल्यांदा बोलला तो गिरदावर. "वा, किसनराव! बरडावर असं पीक, आन् तुमचं गाव दुष्काळ मागून राह्यलं?"

त्या एका वाक्यानं दादाला समजलं. मी त्याच्याकडेच बघत होते, म्हणून सांगते. जोडलेले हात तसेच राहिले आणि चेहऱ्यातलं सगळं निघून गेलं. "न्हाई साहेब," तो म्हणाला, "ह्याला मी पाणी घातलं. कावडीनं."

"कावडीनं? बरडाला? कशापायी?"

दादा खाली बघून म्हणाला, "पाहुणे येणार व्हते..."

गिरदावर हसला. पटवारी हसला. सगळ्यात वाईट हे की गावही हसलं. दादा कावडीनं पडलेली पायवाट दाखवू लागला, तर गिरदावर म्हणाला, "वाट तं शेळ्याबी पाडतात. दुष्काळ पाहिजे म्हणून आता पाणी घातलं म्हणता व्हय? बिलकुल चालायचं न्हाई." तेव्हा हे पुढे झाले. "साहेब, ते खरं सांगतायत. बाजूचं पीक बघा, ही जमीन बघा." गिरदावरानं शांतपणे विचारलं, "हे तुमचे कोण लागतात?" "मेव्हणे," हे म्हणाले. "मंग झालं," गिरदावर म्हणाला.

चौकोन कापावाच लागला, कारण न कापायची सोय नियमात नव्हती. कापला, मळला, वाळवला आणि तोलला. काट्यावरचं वजन यांनी वाचलं ते मला जेमतेम ऐकू आलं. वहिनींनी सगळ्यांसाठी पुरणपोळी केली होती. गिरदावर तेवढा जेवला.

यांनी कागदावर शेरा लिहिला: या चौकोनाला शेतमालकाने पाणी व खत घातले आहे, सबब वजन धरू नये. कचेरीनं कागद परत पाठवला. शेरा लिहिणारा शेतमालकाचा जवळचा नातेवाईक असल्यामुळे शेरा मान्य करता येत नाही; आणि तो खरा असेल, तर सरकारी कामात ढवळाढवळ केल्याबद्दल शेतमालकावर कारवाई का करू नये ते कळवावं. आता काय करणार? शेरा ठेवावा तर दादाला चौकशीला उभं करायचं. काढावा तर दादा सगळ्यांसमोर खोटा ठरतो. आणि ठेवला तरी कुणी मानणार नाहीच. हे गावी गेले आणि त्याला सगळं सांगितलं. दादा म्हणाला, "लिहा ना दाजी. मीच केलं, मला न्या. पण पाणी घातलं हे कागदावर राहू द्या." यांनी शेरा तसाच ठेवून कागद पुन्हा पाठवला. तो पुन्हा आला, या वेळी शेऱ्यावर लाल रेघ मारून. दादाला न्यायलाही कुणी आलं नाही. त्याला शिक्षासुद्धा मिळाली नाही, कारण शिक्षा करायची तर आधी तो खरं बोलला हे मानायला लागलं असतं.

आणि पंधरवड्यात आणेवारी झाली. गिरदावर बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, इथं बरडावर सरकारी काट्यानं काय निघालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. झालं. ज्या चौकोनाचा गावाशी काही संबंध नव्हता, त्यानं गावाचे आणे वर चढवले. आजूबाजूच्या गावांना सूट मिळाली, आमच्या गावाला नाही. हे साहेबांपर्यंत जाऊन भांडले. साहेब म्हणाले, आणेवारी आपल्या खात्याकडे नाही. तेही बरोबरच होतं. त्या साली मला भेटलेला एकूण एक माणूस बरोबर बोलत होता. त्या बरोबर बोलण्याचा मला अजून राग येतो.

तो उन्हाळा गावानं कसा काढला ते मी सांगू नये, कारण मी जालन्यात होते आणि माझी चूल पेटत होती. दुकान शेजारच्या गावाला आलं. आमच्या गावच्या बायका तिथे रांगेत उभ्या राहत आणि गावाचं नाव विचारलं की परत येत. सखाराम बायकापोरं घेऊन जालन्याला सरकीच्या कारखान्यात हमालीला आला. तो दादाचा लहानपणापासूनचा जोडीदार, आमचा बैल त्याच्या गोठ्यात बांधलेला चालायचा. पण रस्त्यात मी दिसले की पलीकडच्या बाजूनं जायचा. गावात कुणी दादाच्या अंगावर धावून गेलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त त्याला कुणी काही विचारेनासं झालं. पेरायचं कधी, लग्नाला गाड्या किती, काही नाही. तोलून झालेली ज्वारी नियमाप्रमाणे त्यालाच परत मिळाली होती. ती तो एका पोत्यात घालून घरोघर घेऊन गेला, घ्या म्हणाला. कुणी घेतली नाही. शेवटी पोतं ओसरीवर पडून राहिलं, आणि एके दिवशी वहिनींनी ते सोडून दळायला घेतलं. दादा बघत राहिला. बायकांना असले मानपान परवडत नाहीत हो. पोरं जेवायची होती.

आता ही बढती. यांची पाळी त्याच वर्षी होती, ती आली. घ्यावी तर गाव म्हणणार, बघा. नाकारावी तर कारण काय सांगणार, माझ्या साल्यानं पाहुणचार केला म्हणून? घेतली. त्या दिवसापासून गावाची गोष्ट पक्की झाली, आणि ती तुम्ही सुरुवातीला ऐकलीच. गावाच्या मते दोघांनी ठरवून पीक वाढवलं. कचेरीच्या मते पाणी घातलंच नव्हतं, सूट मिळावी म्हणून रचलेली थाप होती. दोन्हीकडे दादा खोटाच. आणि खरं काय ते इतकं साधं होतं की ते सांगितलं की लोक हसत.

पुढे कित्येक वर्षं यांनी आणि दादानं एका पंगतीला बसणं टाळलं. भांडण नव्हतं. हे गावी गेले तर लोक म्हणणार, आले आणखी काही ठरवायला. दादा जालन्याला आला तरी तेच. मंग कशाला, असं दोघंही म्हणत. मी मधे. माहेरी एकटी जायचे तर पोरं विचारायची, बाबा का नाहीत. शेवटी मी आणि दादानं हसनाबादच्या आठवडी बाजारात भेटायचं ठरवलं. मी मोटारीनं जायची, तो चालत यायचा. बाजाराच्या कडेला बसून दशमी खायचो. प्रत्येक वेळी उठताना तो विचारी, "दाजी बरे हायेत ना?" आणि घरी आले की हे विचारीत, "किसनराव बरे आहेत ना?" मी दोघांनाही हो म्हणायची. हैदराबाद राज्य मोडलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला, आणे जाऊन पैसे आले. मी आपली बाजारातच माहेर करत होते. एकदा यांना विचारलं, त्या एका चौकोनामुळे जिल्ह्याच्या हिशोबात केवढा फरक पडला असेल हो? म्हणाले, "काहीच नाही. इतक्या चौकोनांत एक." तेच त्यांना जास्त लागलं होतं.

हे गेले तेव्हा दादा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या जालन्याच्या घराची पायरी चढला. यांच्या पायाशी बसून म्हणाला, "दाजी, तुम्ही लिहिलं व्हतं. मला ठाव हाये." बस, एवढंच. नंतर सखारामही गेला, वहिनीही गेल्या. पाण्याची दुसरी कावड उचलणारं माणूस गेलं म्हटल्यावर ते खरं होतं हे सांगायलाही कुणी उरलं नाही. मी होते, पण मी पाणी घालताना बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवत होते, एवढंच. विश्वास ठेवणं निराळं आणि माहीत असणं निराळं.

तो जायच्या आधी थोडे दिवस मी त्याला भेटायला गेले होते. पोरांनी रानातच घर बांधलं आहे आणि त्याची बाज ओट्यावर टाकलेली असे. अंगात काही उरलं नव्हतं. नजर अधू झालेली, आवाज ओळखून "शकू का?" म्हणाला. मी मोडा ओढून त्याच्या उशाशी, मला सोयीचं पडेल असं बसले. तो अस्वस्थ झाला. हात हलवून काही सांगायला लागला. मला वाटलं पाणी हवंय. सून हसत बाहेर आली आणि म्हणाली, "आत्या, तुम्ही अशा अंगाला या. कोणीबी आलं की त्यांचं असंच ऱ्हातंय. डॉक्टरलाबी जागा बदलाया लावली." मला कळेना. मी वाकून विचारलं, काय रे दादा?

"तिकडं नको बसू," तो म्हणाला. "तिकडून बरड दिसतंय. इकडं बस, विहिरीकडं तोंड करून."

मी उठले आणि विहिरीकडे तोंड करून बसले. खालचं रान हिरवंगार होतं. "हां, बराबर," म्हणून तो निवांत झाला, आणि मला रडू आवरेना. त्या गिरदावराला, सखारामला, लाल रेघ मारणाऱ्याला, सगळ्यांना उठवून आणून या ओट्यावर उभं करावं असं वाटलं. पण आणणार कुठून? एकही उरला नव्हता. मला एकटीला दिसलं, तेही इतक्या उशिरा.

तेराव्याचा मांडव उतरला, पाहुणे पांगले. ओट्यावर बाज उभी करून ठेवली होती. मी मोडा घेतला आणि मुद्दाम चढाकडे तोंड करून बसले. ऊन उतरलं होतं. मुरूम, गोटे, मधेच कुठे वीतभर गवत. तो नव्हता, पण हात हलवून मला तिकडून उठवेल असं वाटत राहिलं. मी उठले नाही. बघत राहिले, आणि मग त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "दादा, काई वाईट न्हाई दिसत रे."